डावीकडे, जरासं खाली

त्या हिवाळ्यात आमच्या घरात सगळ्यांना एकच वाक्य पाठ झालं होतं. मी सरावाहून घरी आले की आई चुलीपुढून मान न वळवता विचारायची, "आज तरी?" आणि मी दारात चपला काढत म्हणायची, "डावीकडे. जरासं खाली." घरात कुणी आजारी असलं की ताप उतरला का म्हणून विचारतात, तशी ती चौकशी होती, आणि उत्तरही रोज तेच. आई भाकरी उलटायची. ओटीवर बसलेले बाबा ऐकायचे. थोड्या वेळाने उठून गेटपाशी जायचे आणि उगाच कडी लावायचे, काढायचे. आजारी होतं ते माझं पिस्तूल. किंवा मी. दोघांपैकी नक्की कोण, हे शोधण्यात माझ्या तरुणपणाची सगळी उमेद खर्ची पडली, आणि आज पंचेचाळिशी उलटल्यावर हे लिहायला बसले आहे तरी त्याचं पुरतं उत्तर मला सापडलेलं नाही. शेवटी उत्तर मिळेल या आशेने कुणी वाचणार असेल तर त्याने इथेच थांबलेलं बरं.

पिस्तूल म्हटलं की लोकांचे डोळे मोठे होतात, म्हणून आधीच सांगते. ते खेळाचं पिस्तूल होतं, हवेच्या दाबाने छर्रा मारणारं. त्याने कावळासुद्धा मरायचा नाही. समोर कागदाचं कार्ड, त्यावर काळा गोल, गोलाच्या मधोमध टिकलीएवढा पांढरा ठिपका. त्या ठिपक्यात छर्रा गेला पाहिजे, एवढाच काय तो खेळ. पण काल्हेरच्या गल्लीत एवढं कोण समजून घेतो? मी "पिस्तूलवाली" झाले ती झालेच. बाजारात बायका म्हणायच्या, "हिला कोन करील बाय?" आणि आई पिशवीतली मेथी निवडल्यासारखं करत खाली बघून हसायची. तिला त्या बोलण्याचं दुःख व्हायचं की अभिमान वाटायचा, हे मला कधी कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

आमचं घर तेव्हा नवं होतं, म्हणजे जुन्याच जागेवर लाद्या आणि स्लॅब आले होते. बाबांची खाडीतली होडी जाऊन फार वर्षं झाली नव्हती. भाताच्या शेतावर गोडाऊन उभं राहिलं होतं आणि बाबा आयुष्यात पहिल्यांदा दुपारी मोकळे असायचे. मोकळ्या माणसाच्या हाताचं काय करायचं ते त्यांना कळत नसे. फाटकी गोणी दिसली की ते दाभण आणि सुतळी घेऊन शिवायला बसायचे, गोणीची गरज असो वा नसो. घरामागे आईने हट्टाने एक चूल ठेवली होती. तांदळाची भाकरी गॅसवर होत नाही, असं तिचं ठाम मत होतं. सकाळी भाकरीचा वास, त्यात सुक्या बोंबलाच्या कालवणाचा वास, आणि या सगळ्यावरून ट्रक मागे घेतानाचं ते एकसुरी पिपाणीचं गाणं. दिवसभर ट्रक मागे येत असत. अजूनही येतात. मी आता त्याच गोडाऊनच्या ऑफिसात बसते, आणि ते गाणं ऐकू आलं नाही तर मला सुटी असल्यासारखं वाटतं.

पिस्तूल घरात आलं ते बाबांमुळे. आईचं माहेर अंबाडीच्या पुढचं. तिकडच्या जत्रेत फुगे फोडायच्या दुकानावर मी बंदूक धरली आणि फळीवरचे सगळे फुगे फोडून टाकले. दुकानवाला वैतागला, म्हणाला, बस करा आता. बाबांनी जत्रेतल्या ओळखीच्या-अनोळखी प्रत्येकाला अडवून सांगितलं, "माझे पोरीचा डोला बगा, कसा हाय!" खाडीवर वाढलेला माणूस तो. पाण्यावरचा एक बुडबुडा बघून खाली मासा कुठला ते सांगणारा. नजरेइतकी मोठी गोष्ट त्यांच्या लेखी दुसरी नव्हती, आणि ती नजर पोरीत उतरली याचा त्यांना झालेला आनंद मी नंतर कधी, माझ्या लग्नातही, पाहिला नाही. त्यानंतर कुणाकुणाला विचारत त्यांनी राहनाळला चालणारा नेमबाजीचा वर्ग शोधून काढला आणि शेताच्या पैशातून मला पिस्तूल घेऊन दिलं.

वर्ग म्हणजे एका गोडाऊनचा मागचा रिकामा गाळा. एका टोकाला टेबलं, दुसऱ्या टोकाला कार्डं, मागे जुन्या गाद्या उभ्या केलेल्या. शेजारच्या गाळ्यात खोकी चढवण्या-उतरवण्याचं काम चाले आणि हमालांच्या हाका पत्र्यावरून घुमत आत येत. शिकवायला सर होते. एके काळी ते मोठे नेमबाज होते, पण त्यांचा उजवा हात आता थरथरे. ते स्वतः पिस्तूल उचलत नसत आणि "सर, तुम्ही मारून दाखवा" असं म्हणण्याची कुणाची छाती नव्हती. बाकीची मुलं रायफलवाली. पिस्तूलवाल्या आम्ही दोघीच, मी आणि भिवंडीची शाहीन. शाहीनच्या घरी खाली लूम आणि वर राहणं. ती डावखुरी होती. पिस्तुलाची लाकडी मूठ हाताच्या आकारात कोरलेली असते, त्यामुळे माझं पिस्तूल तिच्या हातात बसायचं नाही आणि तिचं माझ्या हातात. तेव्हा आम्हाला याची गंमत वाटे. एकमेकींचं काही मागायला नको, भांडायला नको.

पावसाळा सरता सरता माझा हात बसला. हे कसं सांगावं? भात शिजला की झाकण न काढता आईला वासावरून कळतं, तसं मला छर्रा सुटण्याआधीच कळे की हा मध्ये जाणार. आणि जायचाच. दिवाळीनंतर राज्याची निवड होती. सर एरवी कौतुकाच्या बाबतीत महाचिकट, पण ते म्हणाले, "असंच मारलंस तर संघात आहेस. शिबिराला पुण्याला जाशील." त्या दिवशी मी घरी चालत आले, रिक्षा नको वाटली. माझं असं काही तोवर नव्हतंच. शेत बाबांचं, चूल आईची, अभ्यासात मी ही अशी. हे एक मात्र माझं होतं, आणि मला ते इतकं हवं होतं की हवंय म्हणून मोठ्याने बोलायचीही भीती वाटे.

मग दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला पाट मांडून घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. कोयता, विळा, होडी गेली तरी जपून ठेवलेलं तिचं वल्हं, गोणी शिवायचं दाभण, टेम्पोची चावी. त्या वर्षी बाबांनी सगळ्यांना बाजूला सारून मधोमध माझं पिस्तूल ठेवलं. झेंडूची माळ घातली. वाटीत कुंकू पाण्यात कालवलं, दाट, मेणासारखं, आणि अंगठ्याने सगळ्यांना टिळे लावत आले. पिस्तुलापाशी थांबले. पिस्तुलाचं कपाळ कुठं असतं? क्षणभर विचार करून त्यांनी नळीच्या तोंडालाच टिळा लावला, चांगला ठसठशीत, वर तांदळाचे दाणे.

मी म्हणाले, "बाबा, आत जाईल ते!"

"जाऊं दे गो," ते म्हणाले. "देवीचा हाय. आतपन लागला पायजे."

आई हसली, मी हसले. आपट्याची पानं वाटली, नैवेद्याची खीर खाल्ली. नवरात्रभर घरात मासळी शिजली नव्हती, त्यामुळे उद्या काय आणायचं यावर आई-बाबांची लाडिक भांडणं चालली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर पिस्तूल स्वच्छ पुसून पेटीत ठेवलेलं. नळीच्या तोंडाला कुंकवाचा मागमूस नाही. आईने पुसलं असेल असं मी धरून चालले. तरी शंका नको म्हणून मी मागच्या बाजूने नळीतून कापसाचा बोळा ढकलला. पहिला जरासा गुलाबी आला, पुढचे पांढरेशुभ्र. झालं. कुंकवाचा विषय माझ्यापुरता तिथेच संपला.

त्या दिवशीपासून छर्रे डावीकडे जाऊ लागले. डावीकडे, जरासं खाली. पिस्तुलात नेम काळ्या गोलाच्या जरा खालीच धरतात; मी तिथे बरोबर धरलेलं, सुटण्याआधी आतून तो नेहमीचा होकार आलेला, आणि कार्डावर भोक भलतीकडेच. एखादा सरळ जाई, पुढचा पुन्हा डावीकडे, कधी जास्त, कधी कमी. सरांनी कार्ड हातात घेतलं, बघितलं, आणि लगेच म्हणाले, "बोट."

नेमबाजीत ही फार जुनी ओळख आहे. उजव्या हाताच्या माणसाचे छर्रे डावीकडे खाली गेले की समजायचं, तो घोडा दाबत नाही, हिसका देतो. सुटायच्या क्षणाला घाबरतो आणि बोट घाई करतं. सरांनी अशी शेकडो कार्डं पाहिली असतील. त्यांची चूक म्हणता येत नाही. तापाची साथ असताना डॉक्टरने ताप म्हटलं तर काय चुकलं?

"सर, साइटचा स्क्रू थोडा फिरवू का?" मी विचारलं. साइट म्हणजे नळीवरचं नेम धरायचं निशाण; तिचा स्क्रू फिरवला की नेम हवा तिकडे सरकतो.

"अजिबात हात लावायचा नाही. दोष बोटात आहे. साइट फिरवून दोष झाकलास तर जन्मभर अंगात मुरेल."

पण मी सुखाने ऐकणारी नव्हते. मी एकेक गोष्ट तपासत गेले. छर्र्यांचा डबा बदलला. मुठीचा स्क्रू ढिला आहे का ते पाहिलं, आवळला. पुढची साइट हलते का म्हणून नखाने दाबून पाहिली. ठाण्याला जाऊन डोळे तपासले. डॉक्टर म्हणाले, नंबर नाही, उत्तम नजर आहे, आणि बाबा तिथेच "मी सांगलंवतं ना" म्हणून मोकळे झाले. पायांची जागा बदलली. श्वास आधी सोडून पाहिला, नंतर सोडून पाहिला. बोटाचं टोक घोड्यावर ठेवलं, मग पेर ठेवलं. सर म्हणायचे म्हणून तासन्‌तास छर्रा न भरता नुसता घोडा दाबत भिंतीसमोर उभी राहिले. गंमत म्हणजे रिकाम्या पिस्तुलाची साइट दाबताना तसूभरही हलत नव्हती. मी हे सरांना सांगितलं. ते म्हणाले, "रिकाम्याला बोट भीत नाही. भरलेल्याला भितं. तुझं बोट भित्रं आहे, दुसरं काही नाही."

भित्रं. हा शब्द मी घरी घेऊन आले आणि तो जेवताना, झोपताना माझ्याबरोबर राहिला. मी त्या बोटाकडे बघत बसायची. भाकरीचा तुकडा मोडताना, वेणीचा पेड घालताना ते बोट मला परकं वाटायचं. आईने मीठ-मिरच्या ओवाळून नजर काढली. मिरच्यांचा ठसका आला नाही म्हणजे नजर जबरी आहे, असं ठरलं. बाबांनी देवीला नारळ बोलला. तेही तपासणंच होतं, त्यांच्या परीनं. पण मला त्या घरात श्वास घेववेना. सगळे माझ्याकडे अशा मायेने बघायचे की वाटे, कुणीतरी एकदा चिडावं, ओरडावं तरी. दिवाळीला आईने केलेले अनारसे तसेच डब्यात राहिले.

मग मी जे करायचं नाही तेच केलं, आणि ते कुणालाही, शाहीनलासुद्धा, सांगितलं नाही. पिस्तूल डावीकडे खाली मारतं ना? मग मी उजवीकडे वर धरू लागले. गोलाखाली नाही, गोलाच्या उजव्या खांद्यापाशी. आणि शेवटच्या क्षणी मनगट जरासं उचलायचं. छर्रे गोलात येऊ लागले. सर खूश झाले, म्हणाले, "बोट सुधारतंय." मी मान हलवली. मला माहीत होतं की काहीही सुधारलेलं नाही. मी वाकडं धरून वाकडं सरळ करते आहे.

निवडीच्या दिवशी बाबा मला टेम्पोतून मुंबईला घेऊन गेले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला अंगारा. रेंजवर मागे प्रेक्षकांना बसायला खुर्च्या होत्या, पण ते सगळा वेळ उभे राहिले. सुरुवातीचे माझे छर्रे बरे गेले. मग कधी पिस्तुलाने कमी ओढलं, कधी जास्त, आणि माझा उजवा-वरचा हिशेब कोसळला. गोलाच्या उजवीकडे एक, डावीकडे एक, वर, खाली. शेवटी शेवटी कुठे धरायचं हेच मला कळेना. हात दुखत नव्हता, डोळा ठीक होता, आणि तरी माझ्या हातातली ती वस्तू मला मुळीच ओळखत नव्हती. मी मागे वळून पाहिलं. बाबांना गुण कळत नसत. त्यांना एवढंच दिसत होतं की कार्डाला भोकं पडताहेत. त्यांनी अंगठा वर केला, हसले, आणि डोळ्यांनीच म्हणाले, मार.

यादीत माझं नाव कुठे होतं ते सांगण्यात अर्थ नाही. शाहीनची निवड झाली. परतताना बाबांनी रस्त्याकडेला टेम्पो थांबवला आणि आईने दिलेला डबा उघडला. भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. मी भाकरी हातात धरून बसले. बाबा समोरच्या रहदारीकडे बघत म्हणाले, "पुढचे वक्ताला व्हईल." मग त्यांनी माझ्या वाटची भाकरी फडक्यात परत गुंडाळली, अगदी सावकाश, कोपऱ्याला कोपरा जुळवत.

सर काही रागावले नाहीत. "दडपण आलं की बोट मूळपदावर जातं," एवढंच म्हणाले.

त्यानंतर मी सरावाला जात होते ते सवयीने. एका दुपारी परतताना शाहीन मला तिच्या घरी घेऊन गेली. खाली लूम चालू होते. भिवंडीत लूमचा आवाज कानाला ऐकू येत नाही, तो पायातून वर येतो. तिच्या अम्मीने चहा आणि नानखटाई दिली. टेबलावर तिच्या अब्बूंचं पिकग्लास पडलं होतं. कापडावर ठेवून धागे मोजायचं ते छोटं भिंग असतं, पितळी घडीचं. शाहीन त्यातून काहीबाही बघत बसली. साखरेचा दाणा पाहिला, माझं नख पाहिलं. मग माझ्या पेटीतून पिस्तूल काढून म्हणाली, "तेरे दुश्मन का मुँह भी देख लूँ," आणि भिंग नळीच्या तोंडावर ठेवलं.

ती हसता हसता भिंगावर आणखी वाकली. "जयू, इधर आ. ये लाल क्या है?"

मी पाहिलं. नळीच्या तोंडाची आतली गोल कड, जिथून छर्रा शेवटचा स्पर्श करून बाहेर पडतो, आरशासारखी असायला हवी. तिथे एक ओरखडा होता. नुसत्या डोळ्याला दिसला नसता इतका बारीक, पण भिंगाखाली चांगला खोल, आणि त्याच्या कडेला लोखंडाची उचललेली किनार. ओरखड्याच्या तळाला केसाएवढी लाल रेघ बसलेली होती. कुंकू. बाहेर पडता पडता प्रत्येक छर्रा त्या किनारीला घासत होता आणि ती त्याला जरासा ढकलत होती. डावीकडे, जरासं खाली.

शाहीन म्हणाली, "मतलब तुझी चूक नव्हती! पागल, तेरी गलती थी ही नहीं!" आणि मला मिठी मारली. मला आनंद व्हायला हवा होता. पण डोळ्यांपुढून ती लाल रेघ हलेना. मी तशीच पेटी उचलून निघाले.

आई मागे चुलीपाशी खाडीचे मासे, निवट्या, साफ करत होती. मी विचारलं, "दसऱ्याला पिस्तुलाचं कुंकू कुणी पुसलं?"

"बाबांनी," ती सहज म्हणाली. "सकालचे पारी उठून बसले व्हते. तू बोललीस ना, आत जाईल म्हनून? रातभर त्यांचे मनात तेच. नलीचे तोंडात सुकला व्हता, निघं ना. मग दाभनानं कोरून कोरून काढला बिचाऱ्यानं." आणि मग तिने मान वर करून माझा चेहरा पाहिला. तिचे हात थांबले. आई अडाणी होती पण मंद नव्हती. "त्याच्यानं झाला?" तिने विचारलं. मी मान हलवली. तिने हातातली निवटी पाण्यात परत टाकली. मग अगदी हळू म्हणाली, "त्यांना नको सांगू बाय. तो मानूस मरंल."

ओटीवर बाबा होते. मध्ये घर, पण दारं सगळी उघडी. मी बाहेर आले तेव्हा ते गेटपाशी उभे होते, कडीवर हात ठेवून, पाठमोरे. ते वळले नाहीत.

शाहीनच्या चुलत्याच्या कारखान्यात लोखंड कापायचं लेथ यंत्र होतं. त्यांनी नळीचं तोंड केसभर कापून, घासून पुन्हा गोल करून दिलं. मी राहनाळला गेले, गोलाखाली बरोबर धरलं, मारलं. छर्रा उजवीकडे वर गेला. पुन्हा मारलं. उजवीकडे, वर. पिस्तूल आता सरळ होतं आणि माझं मनगट शेवटच्या क्षणी उचलत होतं, मी नको म्हटलं तरी. मी सरांना सगळं सांगितलं, ओरखडाही, वाकडं धरणंही. त्यांनी चष्मा काढला, पुसला. "पिस्तुलाचं मला कळायला हवं होतं," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "पण पोरी, बोटही होतं. थोडं बोटही होतंच." त्यांना माझं मन राखता आलं असतं. त्यांनी खोटं बोलायचं टाळलं. तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला. आता वाटतं, ते खरंही असेल. किती पिस्तूल, किती बोट, हे वेगळं करायची वेळ तेव्हाच निघून गेली होती. भित्रं म्हटलं म्हणून बोट भित्रं झालं असेल, की आधीपासूनच होतं? कोण सांगणार?

होळीपर्यंत मी धडपडले. हाताला एकदा लागलेलं वळण काही सुटलं नाही. सुटेल असं वाटायचं, आणि निर्णायक क्षणी मनगट आपलं उचलायचंच. मग राहनाळच्या गाळ्यात माल आला, वर्ग बंद झाला, सर गावी गेले. शाहीन पुढे खूप खेळली. मी पेटी कपाटात ठेवली. त्या उन्हाळ्यात मला कशाचीच भूक नव्हती, आणि लोक म्हणत, पोरगी मोठी झाली, शांत झाली.

बाबांना मी कधी सांगितलं नाही. पाहुण्यांत विषय निघाला तर ते म्हणायचे, "नशीब न्हवता पोरीचा. डोला असा व्हता..." आणि वाक्य पुरं करायचे नाहीत. दसऱ्याला मात्र पिस्तूल पाटावर येतंच. दर दसऱ्याला मी सासरहून, जवळच आहे, पूजेला जाते. पिस्तुलाला ते टिळा लावतात तो लाकडी मुठीला. माझ्या हे लक्षात आलं होतं, पण मी त्याचा अर्थ लावला नव्हता. माणूस वयानुसार जागा बदलतो, एवढंच वाटलं.

आई गेल्यानंतरचा हा पहिला दसरा. बाबांचा हात आता सरांच्या हातासारखाच थरथरतो. मुठीला टिळा लावताना अंगठ्यावरचं ओलं कुंकू ओघळलं आणि थेंब नळीच्या तोंडावर पडला. बाबा थबकले. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. त्यांनी पूजेचा डबा पुढे ओढला, हळदी-कुंकवाच्या करंड्यांखाली बोटं घालून काहीतरी चाचपलं. कान पुसायच्या कापसाच्या काड्यांचं पाकीट. प्लास्टिक पिवळं पडलेलं, किती दसरे त्या डब्यात होतं कोण जाणे. ते कधी उघडलेलंही नव्हतं. त्यांनी दातांनी पाकीट फोडलं, एक काडी काढली आणि माझ्यापुढे धरली.

"तू पूस," ते म्हणाले. "मी न्हाय हात लावत."

मी काडी घेतली. सगळं आयुष्य मी त्यांना वाचवत होते आणि ते मला, आणि वाचलं कुणीच नव्हतं. मला बोलायचं होतं. शब्द जमेपर्यंत त्यांनी पाटावरचं दाभण उचललं आणि माझ्यापासून लांब, वल्ह्याच्या पलीकडे नेऊन ठेवलं.

"लोखंडाचा काय घालू नको गो आत," बाबा म्हणाले.

"नाही घालत, बाबा," मी म्हणाले, आणि कापसाने हलक्या हाताने ते कुंकू टिपत राहिले.